हाय-टॉप बूट, अकरा महिने वापरून: लेस कशी ओवावी, आणि ते पाचवं भोक

गेल्या शुक्रवारी उद्यमबागेतून अनगोळला चालत घरी येत होते. वाटेत उजव्या बुटाची लेस तटकन तुटली. अकरा महिन्यांतली ही तिसरी. तिन्ही वेळा जागा एकच, बाहेरच्या बाजूचं खालून पाचवं भोक.

बूट साधे कॅनव्हासचे, घोटा झाकणारे, आठ जोड भोकांचे. तळवा अजून छान आहे, शिवण कुठे उसवलेली नाही. बेळगावचा अख्खा पावसाळा आणि लाल चिखल त्यांनी काढला. कापड धुऊन दोन दिवस पंख्याखाली ठेवलं की पुन्हा तयार. तक्रार आहे ती लेसची. अठराशे रुपयांच्या बुटावर एकशेवीस रुपये नुसत्या लेसचे गेले आणि ते मला खुपतं. जिथून घेतले त्या दुकानात बूट घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलाने लेसला वॉरंटी नसते एवढंच सांगितलं. भोक बघ म्हटलं, त्याने वाकूनही बघितलं नाही.

मुळात आपल्या भागाला दोरी ओढून पायात काही घट्ट करायची सवय नाही. निपाणी, अथणीकडे घरोघरी चपला बनत आलेल्या. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, आपला बेळगाव धरून. अंगठा सरकवला की निघालो. शाळेच्या बुटाला आईने एक गाठ शिकवली, तीच आयुष्यभर पुरली. त्यामुळे हाय-टॉप घेतल्यावर लेस ओवायच्या पद्धती मी एकेक करून बघितल्या.

दुकानातून आली ती साधी फुली. चालायला ठीक, पण वरच्या चार ओळी सैल केल्याशिवाय पाय निघत नाही. आता माझा दिवस बघा: सकाळी निघताना घालायचे, वाटेत मारुतीच्या देवळात काढायचे, संध्याकाळी सासूबाईंच्या औषधासाठी दवाखान्याच्या दारात काढायचे, मग घरच्या उंबऱ्यात. ज्यांच्याकडे बूट घालून घरात फिरतात त्यांना हा प्रश्न पडत नसेल. माझ्यासाठी मात्र पद्धतीची पहिली परीक्षा हीच, की किती पटकन सुटते.

त्या परीक्षेत शिडीची पद्धत लगेच नापास झाली. लेस कडेने उभी वर न्यायची आणि प्रत्येक ओळीत समोरून आलेली तिच्याखालून ओवायची. छत्रीधारी सैनिकांच्या बुटांना अशी असते. पकड जबरदस्त, दिसायलाही सुंदर. पण प्रत्येक पायरी बोटाने उचलून सैल करावी लागते. देवळाच्या पायरीवर मागे चारजण खोळंबले तेव्हा ठरवलं, ही नको.

मग आडव्या सरळ पट्ट्या घातल्या. मोनॅश विद्यापीठातले गणिती बर्कार्ड पोल्स्टर यांनी 2002 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की बूट आवळायला सर्वांत जोर देतात त्या साधी फुली आणि सरळ पट्टी, त्यातली वरचढ कोणती ते भोकांमधल्या अंतरावर ठरतं. भोकांच्या जोड्या सम असल्या तरच ही पट्टी शेवटी नीट बसते, आठला बसते, सातला नाही. माझी नीट बसली. फक्त घोट्याच्या वळणावर, चवथ्या-पाचव्या ओळीत, पाय वाकला की कापडाची घडी पायात रुतायची.

शेवटी टिकली ती वर-खाली फुली. पहिली फुली वरून, दुसरी खालून, तिसरी पुन्हा वरून. लेस कापडावर कमी घासते, म्हणून ओढली की सरसर घट्ट होते आणि सोडली की तितकीच पटकन सुटते. दवाखान्याच्या दारात आता मला दहा सेकंद लागतात.

टाच मात्र अजून उचलली जायची. राजहंसगडावरून येळ्ळूरकडे उतरताना अंगठे पुढे आपटून नखं दुखली. त्यावर उपाय म्हणून वर घोट्यापाशी लेस त्याच बाजूच्या पुढच्या भोकात घालून छोटा फास ठेवला आणि समोरची लेस त्या फासातून ओवून आवळली. टाच जागेवर बसली. रोजच्या वापरात हे करू नका, डोंगरावर जाताना जरूर करा.

आणि गाठ. ज्यांची लेस दिवसातून दोनदा सुटते त्यांनी हे नीट वाचा. गाठ मारून बघा, फुलाच्या दोन पाकळ्या बुटावर आडव्या पडतात की घोट्याकडून बोटांकडे उभ्या वळतात? उभ्या वळत असतील तर गाठ चुकीची आहे. पहिला अर्धा वेढा उलट दिशेने घ्या, बाकी हात नेहमीसारखाच चालवा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी 2017 साली याचा अभ्यास मांडला: पाऊल आपटताना गाठ ताणून सैल होते, त्याच वेळी झुलणाऱ्या पायामुळे मोकळी टोकं चाबकासारखी हलतात आणि गाठीतून लेस ओढून काढतात. माझी चाळीस वर्षांची सवय मोडायला एक आठवडा लागला. त्यानंतर सुरगाठ रस्त्यात एकदाही सुटलेली नाही. पावसात सुती लेस भिजून फुगते आणि तिचीच निरगाठ होते, तेवढं सांभाळा.

इथवर लिहिलं तोवर माझं मत होतं की लेस तुटायला सरळ पट्टीचा आणि फासाचा ताण कारण आहे. रविवारी ते बदललं.

शहापूरला रस्त्याच्या कडेला बूट शिवणारे मामा बसतात, त्यांच्याकडे बूट नेला. तुटलेली लेस दाखवली. त्यांनी लेस बाजूला ठेवली आणि करंगळीचं नख पाचव्या भोकात घालून फिरवलं. मग गाठीला कानडी शब्द वापरून म्हणाले, “अक्का, गंटु बरोबर हाय तुमचा. भोकाला दात आलाय.” मी नख घालून बघितलं. पत्र्याच्या कडीची कड आतल्या बाजूला फाटून वर आली होती, तांदळाच्या कणीएवढी. पाय नेमका तिथेच वाकतो, म्हणजे प्रत्येक पावलाला लेस त्या दातावरून पुढे-मागे जात होती. मामांनी बूट ऐरणीवर धरला, आरीच्या मुठीने कड आत दाबली, बारीक कानस दोनदा फिरवली. दहा रुपये घेतले. दुकानाने हेच पहिल्या लेसला केलं असतं तर माझे एकशेवीस वाचले असते. राग त्याचाच आहे.

त्यामुळे फासाला दिलेला दोष मी मागे घेते. त्याने ताण वाढत असेल, पण कापत होता तो पत्रा.

नवी लेस घेताना मापाकडे लक्ष द्या. आठ जोडांना मला एकशेवीस सेंटीमीटरची तोकडी पडली, गाठीला टोकंच उरली नाहीत. एकशेचाळीसची बरोबर बसते. गोल गुळगुळीत लेस घेऊ नका, गाठ घसरते, चपटी घ्या. टोकाची प्लास्टिकची टोपी निघाली आणि लेस पॉलिस्टरची असली, तर उदबत्तीने टोक हलकं वितळवून चिमटीने वळवा. सुती असेल तर ती जळते, तिला दोरा गुंडाळून डिंक लावा.

आणि बूट विकत घेताना खिशात कापसाचा बोळा न्या. दुकानातच लेस काढायला लावा आणि बोळा बत्तीसही भोकांतून फिरवा, पाचव्या जोडीत दोनदा. जिथे तंतू अडकेल तो जोड परत द्या. धाकट्या जावेसाठी परवा असेच बूट घेतले. पहिल्या जोडात दोन भोकांत कापूस अडकला, दुसऱ्या जोडात एका. तिसरा जोड घेऊन आलो.