खडेबाजारातलं डीटीपी: काम चोख, वायदा कच्चा

कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती) मंडळीचा इतिहास मी आमच्या तरुण संघासाठी मराठीत लिहिला. ४८ पानं, २०० प्रती. आधी एका ठिकाणी टाकला होता, तिथं फॉन्ट बदलताना जोडाक्षरं उडाली आणि 'पवित्र आत्मा' सगळीकडे 'पवित्र आमा' झाला. कागद उचलले आणि खडेबाजारात या जिन्यावरच्या डीटीपीत आलो.

टायपिंगला बसणारा पोरगा कानडी शाळेत शिकलेला, पण मराठी स्वच्छ. आणि हा वाचतो! दुसऱ्याच दिवशी फोन: "सर, हे हवाई म्हणजे विमानाचं काय ओ?" म्हटलं, बेटं आहेत बाबा. १८९९ च्या ऑगस्टात प्वेर्तो रिकोवर चक्रीवादळ आलं, कॉफीचे मळे झोपले, आणि १९०० पासून माणसं बोटीनं हवाईच्या उसात गेली. पोरगा रायबागकडचा. म्हणाला, "म्हणजे टोळीच की सर. मुकादमानं लईच लांब नेली." ते वाक्य त्याला विचारून मी पुस्तिकेत घातलं.

त्याच उसात वाढलेला ह्वान लुगो. आशियाकडे निघालेले पेंटेकॉस्टल मिशनरी वाटेत हवाईला उतरत, त्यांची शिकवण मळ्यातल्या वस्तीत पोचली. १९१३ साली लुगोनं विश्वास धरला आणि १९१६ मध्ये मायबेटावर परतून पोन्से शहरात रस्त्यावर उभं राहून उपदेश करू लागला. आता माझा गाढवपणा: नवव्या पानावर १९१३ आणि एकविसाव्यावर १९३१. पोरानं दोन्हीकडे पेन्सिलीनं गोल करून लिहिलं होतं, 'खरं कुठलं?'

मालकही कमी नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं, पंडिता रमाबाईंच्या वेळचं १९०५ चं संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, मी एका ओळीत उरकलं होतं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर झालेल्या प्रसिद्ध पेंटेकॉस्टल संजीवनाच्या एक वर्ष आधीचं ते. "आपल्याकडचं आहे की ओ, एवढं बारीक कशाला?" अर्धं पान वाढलं. वाढीव पानाचे पैसे मात्र लावले, ते सोडले नाहीत.

तक्रार वायद्याची. गुरुवारी देतो म्हणाले, मिळालं पुढच्या मंगळवारी. रविवारची सभा पुस्तिकेविना झाली, पाळकसाहेबांसमोर मान खाली. मुखपृष्ठाचा पिवळा हळदीच्या पोत्यासारखा आलाय. तीसेक प्रतींच्या मधल्या पिना सैल होत्या, त्या समोर बसवून पुन्हा मारून दिल्या, तोवर दोन चहा झाले. काम द्या, पण तारीख आठ दिवस अलीकडची सांगा.