'द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन': रॉबर्ट फिस्क यांचा ग्रंथ

ब्रिटिश पत्रकार रॉबर्ट फिस्क १९७६ साली लेबनॉनची राजधानी बैरूतला आले आणि २०२० मध्ये निधन होईपर्यंत, आधी 'द टाइम्स'साठी व १९८९ पासून 'द इंडिपेंडंट'साठी, अरब जगातील युद्धांविषयी लिहीत राहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हा ग्रंथ हजाराहून अधिक पानांचा आहे. तो वाचून संपवायला मला दोन महिने लागले. शीर्षक त्यांच्या वडिलांना पहिल्या महायुद्धानंतर मिळालेल्या पदकावरील शब्दांतून आले आहे, कारण त्या युद्धातील विजेत्यांनी आखलेल्या सीमांच्या आतच पुढची होरपळ पाहण्यात आपली सारी कारकीर्द गेली, असे फिस्क मानतात.

ओसामा बिन लादेनच्या तीन भेटींमुळे हे पुस्तक अनेकांना ठाऊक असते, पण मला ते ज्या प्रकरणासाठी जवळचे वाटते ते वेगळेच आहे. एप्रिल १९९६ मध्ये दक्षिण लेबनॉनमधील मन्सुरी येथे इस्रायली हेलिकॉप्टरने एका रुग्णवाहिकेवर क्षेपणास्त्र डागले आणि त्यात दोन स्त्रिया व चार मुले मारली गेली. क्षेपणास्त्राच्या सापडलेल्या तुकड्यावरील क्रमांकांचा माग काढत फिस्क थेट अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोहोचतात आणि ज्यांच्या कंपनीत ते अस्त्र घडले, त्या अधिकाऱ्यांसमोर तो तुकडा ठेवतात. बातमी घटनास्थळी संपत नाही, शस्त्र बनवणाऱ्याच्या दारापर्यंत तिचा पाठपुरावा करावा लागतो, हे मला दुसऱ्या कोणत्याही युद्धवार्तांकनात इतके स्पष्ट दिसलेले नाही.

दोषही लहान नाहीत. कालक्रम वारंवार मोडतो, संतापाच्या भरात तेच मुद्दे पुन्हा येतात आणि तपशिलाच्या चुका समीक्षकांनी त्या वेळीच दाखवल्या होत्या. पुढे २०१२ मध्ये सीरियातील दराया येथे सरकारी सैन्याच्या सोबतीने जाऊन त्यांनी केलेल्या वार्तांकनावर कठोर टीका झाली आणि ती मला योग्य वाटते, कारण सत्तेच्या पहाऱ्यात मिळालेल्या साक्षीवर विसंबू नये हे मी याच लेखकाकडून शिकलो होतो.

ग्रंथाच्या जाडीने दबून जाणाऱ्यांनी सलग वाचण्याचा अट्टहास करू नये; आधी क्षेपणास्त्राचे प्रकरण, मग इराण-इराक युद्धाची पाने वाचावीत आणि पश्चिम आशियाचा नकाशा शेजारी उघडा ठेवावा.