एकट्याची नाव: कडक की फुगवायची?

परवा ओळखीतल्या एकाचा फोन आला. "एकट्यापुरती कयाक घ्यायची म्हणतोय. प्लास्टिकची घेऊ का हवा भरायची?" कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नाव. फोनवर दोन वाक्यांत सांगायला गेलो आणि अर्धा तास बोलत बसलो. दोन्ही वापरल्यात ना. एक अजून आमच्या पार्किंगमध्ये आहे, दुसरी बेडरूमच्या कपाटावर.

आधी कशासाठी हवी ते सांगतो, म्हणजे माझं मत किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मला शर्यत मारायची नाही, धरणाचं पात्र पार करायचं नाही. सकाळी सहाला पाण्यात जायचं, आठ-साडेआठला बाहेर यायचं आणि मधला निम्मा वेळ वल्हं मांडीवर आडवं टाकून नुसतं बसायचं. आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर त्या वेळेला चालणाऱ्यांची गर्दी महाद्वार रोडला लाजवेल अशी असते. सगळे ओळखीचे, सगळ्यांना थांबून बोलायचं असतं. काठापासून शंभर हात आत गेलं की मात्र कुणी हाक मारत नाही. त्या शंभर हातांसाठी हा सगळा खटाटोप.

पहिली घेतली ती कडक. मालवणकडच्या एकाने पर्यटकांसाठी वापरलेली, आत पाय घालून नव्हे तर वर बसायची, दहा फुटी, पिवळी. गगनबावड्यामार्गे येणाऱ्या एका रिकाम्या टेंपोत घालून आणली. पाण्यात तिच्यासारखी तीच, हे आधीच कबूल करतो. वल्ह्याचे चार हात मारले की थांबल्यावरही आपली आपण सरकत राहते. नाक सरळ धरून जाते. बूड काठाच्या दगडाला घासलं तरी काळजाचा ठोका चुकत नाही, फार तर एक चरा पडतो. एकदा तशीच सरकत वारकरी पक्ष्यांच्या थव्यात गेलो. वल्हं हलत नव्हतं म्हणून असेल, पाच-सहा हातांवर येईपर्यंत कुणी उडालं नाही. कपाळावरचा तो पांढरा टिळा इतक्या जवळून मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. हवेच्या नावेला असं सरकत जाणं जमत नाही. वल्हं थांबलं की तीही थांबते, वर नाक कुठेतरी वळवून बसते.

एवढं सगळं असून ती पार्किंगमध्ये का पडून आहे? तर उचलायला. नाव साधारण बावीस-तेवीस किलोची. आकडा ऐकून वाटतं, त्यात काय, भरलेलं गॅसचं सिलिंडर तिच्यापेक्षा जड असतं. पण सिलिंडर दहा फूट लांब नसतं. मधे धरलं तर दोन्ही टोकं डुगडुगतात. एक टोक गाडीच्या टपावर टेकवून दुसरं ढकलायचं म्हटलं तर पहिलं घसरून काचेवर येतं. एकट्याने चढवायच्या युक्त्या आहेत, सगळ्या केल्या. टपावर जुनी चादर टाकून बघितली, शिडी लावून बघितली. जाताना जमून जातं. येताना नाव ओली, हात ओले, खांदे भरून आलेले, तेव्हा नाही जमत. निदान मला नाही जमलं. तुम्ही तालमीतले असाल तर गोष्ट वेगळी.

मग मावसभावाला बोलवायला लागलो. बिचारा पहाटे पाचला यायचा, एक शब्द बोलायचा नाही. नाव चढवायची, पट्टे आवळायचे, तलावावर उतरवायची. मी आत जायचो आणि तो काठावर. तिथेच सगळं बिनसायचं. दोन तास तो करणार काय? पहिला अर्धा तास मोबाईल. मग चहाची टपरी शोधून यायचा. मग काठावर येऊन उभा राहायचा, कमरेवर हात ठेवून. हाक मारायचा नाही, पण मला दिसायचा. पाण्याच्या मधोमध बसून मी घड्याळ बघत असायचो, कारण काठावर एक माणूस माझ्यासाठी ताटकळत होता. एकांतासाठी घेतलेली नाव, आणि दर खेपेला तिला दुसरा माणूस लागायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तर मी महिना महिना गेलोच नाही. नाव खराब होती म्हणून नव्हे, त्याला फोन करायचा संकोच वाटायचा म्हणून.

हे दुखणं जुनं आहे. जर्मनीत 1905 साली आल्फ्रेड हॉयरिख नावाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने लाकडी सांगाडा आणि कापडाची, घडी करता येणारी कयाक बनवली. 1907 साली रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने तिचे हक्क घेतले आणि धंदा उभा केला. हा क्लेपर व्यवसायाने शिंपी. पिशवीत घालून रेल्वेत नेता येणारी नाव म्हणून ती खपली. म्हणजे नाव पाण्यात कशी चालते याच्या आधी ती पाण्यापर्यंत कशी जाते, हे शंभर वर्षांपूर्वी एका शिंप्याला कळलं होतं. मला कळायला दोन हिवाळे आणि एक मावसभाऊ खर्ची पडला.

दुसरी, हवेची. पिशवीसकट चौदा-पंधरा किलो. स्कूटरवर पायाजवळ सिलिंडर ठेवतो तशी ठेवून नेता येते. एकदा गाडी गॅरेजला होती तर रिक्षाने गेलो. काठावर पोचल्यापासून पाण्यात जाईपर्यंत पंधरा मिनिटं, त्यातली दहा पंपाची. पंप दोन्ही दिशांनी हवा भरणारा घ्या, एकाच दिशेचा घेतलात तर व्यायाम तिथेच उरकतो. आता तिच्या तक्रारीही ऐका, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं बोलतोय.

वारा. ही पाण्यावर उंच बसते, त्यामुळे वाऱ्याला ती म्हणजे नाव नव्हे, पतंग. मार्च उजाडला की आपल्याकडे नऊ-साडेनऊनंतर पश्चिमेचा वारा उठतो. राजाराम तलावावर एकदा आठची वेळ चुकवली, तर पंधरा मिनिटांत आलेलं अंतर परत जायला पाऊण तास लागला. तेही काठाकाठाने. नाव सरळ जावी म्हणून बुडाखाली लावायचा माशाच्या परासारखा पर मिळतो, तो विसरू नका. तो नसेल तर एका जागी गोल फिरत राहाल आणि काठावरचे गळवाले करमणूक म्हणून बघतील. लाइफ जॅकेट दोन्हींत घालायचंच, पण हिच्यात पहिल्या दिवसापासून सवय ठेवा, कारण वाऱ्याने कुठे नेलं तर परतीचा वेळ आपल्या हातात नसतो.

ऊन. काठावर आणून ठेवली आणि चहाला गेलात, तर आतली हवा तापून फुगते आणि शिवणीवर ताण येतो. बाहेर काढल्या काढल्या थोडी हवा सोडायची. उलट सकाळी थंड पाण्यात घातल्यावर जरा सैल वाटते. ती गळती नव्हे. पहिल्या दिवशी मी भोक शोधत बसलो होतो.

काटे. बाभळीचा काटा आणि विसर्जनाच्या पाटांचे गंजलेले खिळे, दोन्ही काठाच्या चिखलात असतात. मला आजवर एकच पंक्चर झालं, तेही काठावर ओढत नेण्याच्या आळसामुळे. पॅच लावला, एक रात्र वाळू दिला, अजून टिकून आहे.

आणि वाळवणं. खरं डोकं इथे उठतं. वरून पुसली की कोरडी दिसते, पण तळ आणि बाजूच्या नळ्या जिथे मिळतात त्या खाचेत वाटीभर पाणी दडून बसतं. तशीच घडी घातली तर आठवड्यात काळे ठिपके आणि तलावाचा वास, तोही बेडरूममध्ये. म्हणून ती गच्चीवर न्यायची, उलटी करायची, तासाने सुलटी करायची, खाचेत जुना टॉवेल फिरवायचा. मागच्या एप्रिलमध्ये गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत होत्या, सगळ्या वहिनींच्या मिळून पाच-सहा चादरी. मी कोपऱ्यात नाव टाकली. मिरच्यांकडे पाणी जाऊ नये म्हणून मी जपलो, मिरच्या माझ्याकडे येऊ नयेत म्हणून कुणी जपलं नाही. दुपारच्या वाऱ्याने तिखटाची भुकटी उडून ओल्या सीटवर बसली. पुढच्या रविवारी हाफ पँटवर तलावाच्या मधोमध पोचलो तेव्हा कळलं. त्या दिवशी शांतपणे बसणं वगैरे काही झालं नाही.

तरीही. गेल्या वर्षभरात, पावसाळ्याचे महिने सोडले तर, मी जवळपास दर आठवड्याला गेलोय. शुक्रवारी रात्री ठरवतो, शनिवारी पहाटे जातो, कुणाला सांगत नाही, कुणाला विचारत नाही. येताना गंगावेशीत दूध पिऊन घरी. पिवळीच्या दोन वर्षांत सगळ्या मिळून किती खेपा झाल्या असतील? पंधराच्या वर नाहीत.

तुमचं घर पाण्याकाठी असेल, राधानगरीकडे शेत असेल आणि नाव तिथेच झाडाखाली पालथी घालून ठेवता येणार असेल, तर डोळे झाकून कडक घ्या. घरात दोन भाऊ हौशी असतील तरीही तीच. फ्लॅट, छोटी गाडी आणि एकटा जीव असेल, तर मी आपला हवेचीकडे झुकेन. जरा जास्त पैसे घालायची तयारी असेल तर तळ कडक फुगणारी बघा, आत दोऱ्यांनी विणलेला असतो तसला. साध्या नळ्यांत एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असते, त्या तळात आठ-दहापर्यंत जाते, आणि निम्मं तरी सरकणं परत मिळतं. आणखी एक, कुठल्याही तलावात नाव घालण्याआधी तिथे विचारून घ्या. कळंब्याचं पाणी लोकांच्या नळाला येतं, तिथे आपली हौस दुसऱ्या नंबरला. आणि रंकाळ्यात केंदाळ वाढलेलं असेल तेव्हा दोन्ही नावा सारख्याच, म्हणजे बिनकामाच्या.

पिवळी विकावी असं सोसायटीचं म्हणणं आहे. मध्ये तिच्यात मांजर व्यायली तेव्हा महिनाभर तो विषय थांबला होता. घेण्याआधी कडक नाव एकदा चालवून बघायची असेल तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत. येताना फक्त एक माणूस बरोबर आणा.