फिट येणाऱ्या कुत्र्याच्या लसी: एकदम की वेगवेगळ्या दिवशी?

घोडबंदर रोडला शेजारच्या काकूंचा स्पिट्झ फिनोबार्बिटोन या फिटच्या गोळीवर आहे. रेबीजची लस आणि नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस, लेप्टोही त्यात) एकाच दिवशी द्यावी की तीन आठवड्यांच्या अंतराने, यावर त्या अडल्यात.

खर्च आणि दगदग पाहिली तर एकदम देणं सोपं. दोन खेपा म्हणजे तपासणीची फी दोनदा, आणि कुत्रं बघून मान हलवणाऱ्या रिक्षावाल्यांची मनधरणीही दोनदा!

खरा फरक त्रासाचा. एका भेटीत लसी जितक्या जास्त, तितकी ताप, सूज, ॲलर्जीची शक्यता वाढते. दहा किलोंखालच्या कुत्र्यांत तर जास्तच. अंतर ठेवलं की काही झालंच तर कशाने झालं ते कळतं.

मात्र अंतर ठेवायचं तर एप्रिलमध्येच सुरुवात करा, म्हणजे पावसाळ्याआधी दोन्ही होतील. पाणी तुंबलं की उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. लस अजिबात टाळणं हा पर्याय मी धरतच नाही; रेबीजला उपचार नाही. फिटच्या गोळीची बारा तासांची वेळ लसीच्या दिवशीही चुकवायची नाही.

मोठं कुत्रं, फिट आटोक्यात, आधी लसीचा त्रास नाही: एकदम चालेल. लहान चणीचं किंवा आधी त्रास झालेलं: वेगवेगळ्या. काकूंचा सात किलोंचा, म्हणजे दोन खेपा. नुकत्याच लागोपाठ फिट आल्या असतील, तर तारीख डॉक्टरांनाच ठरवू द्या.