कणकेचा ब्रेड: त्याच दिवशी भाजायचा की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा?

प्रमाण दोन्हीकडे तेच: 500 ग्रॅम गिरणीची कणिक, 375 मिली पाणी, 9 ग्रॅम मीठ. यीस्ट मात्र त्याच दिवशीच्या ब्रेडला 5 ग्रॅम, रात्रभराच्या ब्रेडला 2 ग्रॅम पुरे.

डिसेंबरात मी पहिलीच पद्धत धरते. संध्याकाळच्या चहाला गरम ब्रेड मिळतो, आणखी काय हवं! पण मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास जातो. ओट्यावरचा गोळा बघता बघता दुप्पट होतो, आंबूस वास सुटतो आणि ओव्हनमध्ये ब्रेड मधोमध बसतो. माझे असे दोन ब्रेड वाया गेले, फार जिवाला लागलं.

फ्रिजमध्ये 10-12 तासांत यीस्ट सावकाश काम करतं. त्याहून मोलाचं म्हणजे कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. कोरडा, टोकदार कोंडा ग्लुटेनची (ब्रेडला फुगवून धरणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची) जाळी फाडतो, म्हणून तर कणकेचा ब्रेड विटेसारखा घट्ट होतो. सकाळी टिनमध्ये फुगलेला गोळा बोटाने दाबते. खळगा हळूहळू भरून आला की 200 अंशांवर 40 मिनिटं. ऊन चढायच्या आत ओव्हन बंद, आणि काप कापताना कवच कुरकुरतं.

उन्हाळ्यात माझ्या घरी फ्रिजचाच ब्रेड.