बॅकलिंकचं पॅकेज आणि गुगल सर्च कन्सोल : एका चप्पल दुकानाच्या वेबसाइटवरून

कोल्हापुरात मी लहान दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळते. साइट सुरू होऊन महिना होत नाही तोवर मालकांना फोन सुरू होतात. "सर, तीन महिन्यांत दोनशे बॅकलिंक देतो, साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला दिलेली लिंक. चप्पल लाईनमधल्या एका दुकानाने माझ्याकडे काम येण्याआधीच असं पॅकेज घेतलं होतं. कंपनीचं नाव देत नाही. असली पॅकेजं विकणारे ढिगाने आहेत आणि मी पाहिलेल्या सगळ्यांचा माल जवळपास एकच आहे. मालक मला म्हणाले, "ताई, दर महिन्याला पैसे जातायत. काय पदरात पडलं ते तुम्हीच बघून सांगा." ते ज्या साधनाने तपासलं, त्या सर्च कन्सोलबद्दलही इथेच लिहिते. आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते, हे मालकाला दाखवणारं ते गुगलचंच साधन आहे.

आधी पॅकेज. व्यवहार अदलाबदलीचा असतो. त्यांच्या यादीतल्या साइट तुम्हाला लिंक देणार, बदल्यात तुमच्या साइटवर त्या यादीतल्यांच्या लिंका लावायच्या. गुगलला थेट देवाणघेवाण दिसू नये म्हणून पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला, असं फिरवतात. या दुकानाच्या साइटवर त्यासाठी 'आमचे भागीदार' नावाचं पान काढलेलं होतं. ते मी मोबाइलवर उघडलं. वर दुकानाचा लोगो, लोगोखाली कापशी चप्पलेचा सुंदर फोटो, आणि त्याखाली ओळीने दिल्लीचे पॅकर्स-मूव्हर्स, अमेरिकेतले छप्पर दुरुस्तीवाले, वजन कमी करायच्या गोळ्या, क्रिकेटवर पैसे लावायची दोन अ‍ॅप. पुण्याहून कुणी चप्पल मागवायला आलं आणि चुकून या पानावर पोहोचलं, तर ते या दुकानावर विश्वास का ठेवील? पिढ्यान्पिढ्या कमावलेलं नाव आहे ते. मला याचा फार राग आला आणि अजून आहे.

मालकांना पटवलं होतं ते 'डीए' या आकड्यावर. "तीसच्या वर डीए असलेल्या साइट देतो." डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. हा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीने स्वतःच्या अंदाजाने काढलेला असतो, १ ते १०० मध्ये. गुगल तो वापरत नाही. फोनवर मात्र असं सांगतात, की जणू सरकारी शिक्काच.

लिंकांना किंमत कशामुळे आली, हे समजलं की पॅकेजचा फोलपणा लगेच दिसतो. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ते एक मत धरायचं, आणि ज्या पानाला स्वतःलाच पुष्कळ मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त द्यायचं. ही पद्धत लोकांच्या लक्षात आली आणि मतांचा बाजार उठला. त्याआधीही अदलाबदल होतीच. १९९६ मध्ये सुरू झालेल्या लिंकएक्स्चेंजमध्ये तुम्ही इतरांच्या जाहिरातीच्या पट्ट्या दाखवायच्या आणि त्या बदल्यात तुमची पट्टी दुसरीकडे झळकायची. दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टने ती कंपनी साडेसव्वीस कोटी डॉलरला घेतली. पण तिथे पट्टी माणसाला दिसावी, त्याने ती दाबून यावं, हा हेतू होता. आजच्या पॅकेजातली लिंक माणसासाठी नसतेच. या दुकानाला मिळालेली एक लिंक परदेशातल्या कुठल्याशा लेखात तळाशी होती. लेख दातांच्या डॉक्टरांबद्दल, आणि त्यातल्या एका वाक्यात मध्येच 'चीप लेदर सँडल्स'. तिथून कोल्हापूरला कोण येणार?

गुगलनेही हे कधीच ओळखलंय. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आला तो अशाच विकतच्या आणि जुळवलेल्या लिंकांसाठी. २०१६ पासून तो मूळ यंत्रणेचाच भाग आहे आणि बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या दुर्लक्षित केल्या जातात. 'तू मला दे, मी तुला देतो' अशी अतिरेकी अदलाबदल आणि निव्वळ त्यासाठी काढलेली भागीदारांची पानं गुगलच्या नियमांत स्पॅम म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. पॅकेज विकणारा हे सांगत नाही. करारात तर त्याचा उल्लेखही नव्हता.

आता सर्च कन्सोल. फुकट आहे. साइट आपलीच आहे हे सिद्ध करायला डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकावी लागते, ते काम साइट बनवणाऱ्याकडून करून घ्या. डावीकडच्या यादीत 'लिंक्स' आहे. तिथे तुम्हाला कोणत्या साइट लिंक देतात, तुमच्या कोणत्या पानाला देतात आणि कोणत्या शब्दांवर देतात, हे तिन्ही दिसतं. मी आधी शब्द पाहते. या दुकानाच्या यादीत वरची सगळी जागा 'स्वस्त चपला' अशा अर्थाच्या एकाच ठरावीक इंग्रजी शब्दांनी खाल्ली होती, दुकानाचं नाव खाली कुठेतरी. खऱ्या माणसांनी लिंका दिल्या असत्या तर नाव वर असतं, कारण माणूस दुकानाचा उल्लेख नावाने करतो.

मग 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' पाहिलं. तिथे काही नव्हतं, म्हणजे गुगलच्या माणसांनी शिक्षा केलेली नव्हती. म्हणून लिंका नाकारायचं डिसअव्हाउ हे साधन मी वापरलं नाही. गुगल स्वतःच सांगतं, की शिक्षा झाली असेल किंवा होण्याची दाट शक्यता असेल तरच त्याला हात लावा. भागीदारांचं पान तेवढं त्याच दिवशी काढलं. कंपनीने पुढे आपल्या लिंका काढून घेतल्या. सर्च कन्सोलमधला लिंकांचा आकडा धाडकन खाली आला आणि शोधातून येणाऱ्या क्लिकचा आलेख होता तिथेच राहिला. मालकांनी तो आलेख बराच वेळ बघितला. क्लिकचा हा हिशेब सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतो. पॅकेज घेतलेल्यांनी आधीचे आणि नंतरचे महिने शेजारी लावून जरूर बघावेत.

सर्च कन्सोलच्याही उणिवा आहेत. लिंकांची यादी पूर्ण नसते, नमुना असतो. कोणती लिंक नोफॉलो आहे, म्हणजे 'हे मत धरू नका' अशी गुगलसाठी खूण केलेली आहे, हे कळत नाही. त्या लिंकवरून गिऱ्हाईक आलं का, हेही तिथे दिसत नाही, त्यासाठी साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं अ‍ॅनालिटिक्स लागतं. आणि सगळ्या साधनांची नावं दुकानदाराला घाबरवणारी आहेत, कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं.

पॅकेजच्या पैशात आम्ही काय केलं तेही सांगते. चप्पल कशी बनते याचं एक पान केलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, कान, पट्टा, अंगठा, प्रत्येक टप्प्याचे फोटो कारागिरांच्या घरी जाऊन काढले. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत, तेही लिहिलं. पाय कागदावर ठेवून माप कसं घ्यायचं, त्याची आकृती दिली. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली आणि गदारोळ झाला, तेव्हा लोक खरी कोल्हापुरी कशी ओळखायची ते शोधत होते. आमच्या पानाला लिंक देणारे तेव्हा आपणहून आले. त्यातल्या एकालाही आम्ही फोन केलेला नव्हता.

आणि अदलाबदल आम्हीही करतो. अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका लॉजच्या साइटवर 'चप्पल कुठे घ्यावी' याखाली या दुकानाचं नाव आहे आणि दुकानाच्या 'कसं यावं' या पानावर त्या लॉजचं. त्यांच्याकडे उतरणारी माणसं चप्पल घ्यायला येतातच आणि आमची परगावची गिऱ्हाइकं राहायची सोय विचारतातच. दोन्ही मालक एकमेकांना ओळखतात. या लिंकवरून महिन्याला मोजकीच माणसं येतात, पण येतात ती पायाचं माप घेऊन.

पॅकेजला माझ्याकडून एकही तारा नाही, सर्च कन्सोलला पाचात चार. फोन आलाच तर त्यांनी आधी लिंका मिळवून दिलेल्या तीन साइटची नावं मागा आणि ती पानं मोबाइलवर स्वतः उघडून वाचा. नावं द्यायला खळखळ केली, तर फोन ठेवा.