जुनी गेम मॅगझिन्स वाचायचीयत? इंटरनेट अर्काईव्हवर जा

इंटरनेट अर्काईव्ह या ऑनलाइन लायब्ररीवर (archive.org) व्हिडिओ गेमच्या जुन्या मॅगझिन्सचे अंकच्या अंक स्कॅन करून ठेवलेत, एकदम फुकट, पीडीएफ पण उतरवून घेता येते. हल्ली रात्री जेवणं उरकली की मी तेच वाचत बसतो. मोबाईलवर नका वाचू, अक्षर बारीक असतं, टॅब किंवा लॅपटॉप घ्या.

सुरुवात 'इलेक्ट्रॉनिक गेम्स'पासून करा. अमेरिकेतलं मॅगझिन, पहिला अंक १९८१ च्या हिवाळ्यातला, आर्नी कॅट्झ, बिल कंकल आणि जॉइस वॉर्ली या तिघांनी सुरू केलेलं. सुटा अंक वाचू नका, ओळीने वाचा आणि जाहिराती अजिबात सोडू नका. १९८२ मध्ये कसला जोर होता ते जाहिरातींतच दिसतं, मग १९८३ ला तिकडचा व्हिडिओ गेमचा धंदा बसला आणि शेवटी १९८५ ला नाव बदलून 'कम्प्युटर एंटरटेनमेंट' केलं तरी ते टिकलं नाही, बंदच पडलं. पुढे काय होणारे हे लिहिणाऱ्यांना माहीत नाही आणि आपल्याला माहितीये, त्यामुळे वाचताना जीव तुटतो खरंच.

ब्रिटनचं 'कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' पण १९८१ चंच, नोव्हेंबरचं. त्यात 'बेसिक' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले अख्खे प्रोग्रॅम छापलेले असायचे, म्हणजे घरी बसून ओळ न् ओळ टाइप करायची आणि मग गेम खेळायचा, एखादं चिन्ह चुकलं की बसा शोधत!

पण माझं सगळ्यात लाडकं 'झॅप ६४', १९८५ मध्ये सुरू झालेलं, कमोडोर ६४ या घरगुती कम्प्युटरवाल्यांसाठी. रिव्ह्यू करणाऱ्यांचे चेहरे चित्रकार ऑलिव्हर फ्रेने काढलेले, गेम आवडला तर चेहरा खुललेला, नाही आवडला तर वैतागलेला, आणि एकाच गेमवर दोघातिघांची मतं शेजारी शेजारी, त्यात कधी कधी चक्क मतभेद. मार्क टक्क्यांत. ग्राफिक्सचे वेगळे, आवाजाचे वेगळे, गेम लगेच पकड घेतो का त्याचे वेगळे आणि बऱ्याच दिवसांनी पण खेळावासा वाटेल का त्याचे अजून वेगळे. हे शेवटचे मार्क मला फार आवडतात, कारण पोराने पॉकेटमनी साठवून गेमची कॅसेट घेतलीये (तेव्हा गेम कॅसेटवर मिळायचे), ती आठवड्यात कंटाळवाणी झाली तर काय, हा विचार त्यात आहे. आजच्या कितीतरी रिव्ह्यूंमध्ये तो दिसत नाही.

आपल्याकडे पुण्यात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला त्यातल्या एका हिरोच्या नावावरून सगळे मुस्तफाच म्हणायचे, कुठला बॉस कसा मारायचा ते मागे उभा असलेला एखादा दादा सांगणार, आणि अफवा तर विचारू नका. तिकडे तेच छापून यायचं. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकन मॅगझिनने एप्रिल १९९२ ला 'स्ट्रीट फायटर २' मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला फायटर आहे अशी एप्रिल फूलची थाप मारली आणि पोरं तो शोधत बसली. त्यांची थापसुद्धा जपून ठेवलेली आहे, आपल्या दादांचं मात्र काहीच कुठे छापलं गेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती, कुणाच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातली आपल्याकडची कम्प्युटरची मासिकं पडली असतील आणि त्यात गेमवर दोन पानं जरी असली तरी रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन स्कॅन करून देतो, कोथरूड असो नाहीतर हडपसर.